सोप्यातले दिवे वर चढवले त्याची गोष्ट

आमच्या घराची जमीन दर काही वर्षांनी वर येते.

भूकंपाने वगैरे नाही, आम्हीच आणतो. आजोबांच्या काळी सोप्यात (सोपा म्हणजे आमची पुढची लांबडी खोली, पाहुणे, खताची पोती आणि माझा अभ्यास, सगळं तिथंच) शेणाने सारवलेली भुई होती. द्राक्षाचं पहिलं चांगलं साल आलं, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, भुईवर मुरमाची भर टाकून शहाबादी फरशी घातली. दुसरं चांगलं साल आलं, तेव्हा फरशीवर आणखी भर टाकून टाइल्स बसवल्या. जुनी फरशी आधी उचलायची असते, असं गवंड्याने सुचवून पाहिलं. पण न फुटलेली फरशी उचलून टाकायची, हे आमच्या घरात कुणाला पटणं शक्यच नव्हतं. "असू दे खाली, पाया पक्का हुतोय," असं अण्णा म्हणाले. असा पाया पक्का होत होत जमीन वर आली आणि छत बिचारं होतं तिथंच राहिलं.

त्या छताच्या तुळयांना ओळीने तीन दिवे टांगलेले आहेत. अण्णा फौजेत होते, तेव्हा आग्र्याच्या बाजूला असताना त्यांनी ते आणले. दुधी काचेचे, भोपळ्याएवढे गोल, वर लांब पितळी साखळी. आग्र्यापासून गावापर्यंत ते तिन्ही दिवे अण्णांनी मांडीवर धरून आणले. (मी जन्मल्यावर मला त्यांनी एवढा वेळ मांडीवर घेतलं नव्हतं, असं आई सांगते.) साखळ्यांची लांबी भुईच्या काळातली. दिवे कधी खाली आले नाहीत, आम्हीच हळूहळू त्यांच्यापर्यंत जाऊन पोचलो. आता माझी उंची पाच फूट तीन इंच आणि दिव्याचं बूड बरोबर माझ्या कपाळाशी.

आम्हाला त्याचं काही वाटत नाही. घरातला माणूस दारातून आत आला की तीन ठिकाणी मान लववतो आणि स्वयंपाकघरात जातो. मान लववतोय हे त्याला ठाऊकही नसतं. पाहुणा मात्र लगेच कळतो. आमच्या दाराला बेल बसवायची गरज कधी पडली नाही. कुणी आलं की दिवा वाजतो.

हे सगळं असंच चाललं असतं. पण ताईचं लग्न ठरवायचं होतं.

ताई तासगावच्या एका दवाखान्यात नर्स आहे. माणूस म्हणून ती कशी आहे, हे सांगायला मला दुसरा लेख लागेल. बघायला येणाऱ्यांना मात्र एका वाक्यात सांगता यायचं. "मुलगी चांगली हाय, पण जरा..." असं म्हणून ते पालथा हात हवेत खाली दाबायचे. ताई चार फूट दहा इंच आहे. 'बुटकी' हा शब्द कुणी तोंडाने उच्चारला नाही. तो हात मात्र प्रत्येक स्थळाने दाबला. शेवटी शेवटी तर मधला माणूस निरोप घेऊन आला की ताई त्याच्या तोंडाकडे बघायचीच नाही, हाताकडे बघायची. आणि कपबशा उचलून आत न्यायची.

मग विक्रमचं स्थळ आलं. आलं म्हणजे, त्याने स्वतःच ते आणलं. रहिमतपूरच्या पलीकडच्या एका गावचा, फौजेतला. सुट्टीवर असताना कुणा नातेवाइकाला घेऊन तासगावच्या दवाखान्यात आला होता, तिथं त्याने ताईला पाहिलं. दोघांचं फोनवर बोलणं झालं. ताईला कसा वाटला म्हणून मी जरा भीतभीतच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "त्यानं पहिल्यांदा काय इचारलं म्हाईत हाय? नाइट ड्युटी करून आल्यावर झोपायला मिळतं का घरात." एवढंच म्हणाली. पण ती आतल्या खोलीत जाऊन आरशापुढे उभी राहिली, आणि ते मी बऱ्याच वर्षांनी पाहत होतो.

विक्रमची उंची सहा फूट दोन इंच.

बातमी आणली ती मामाने. मामा म्हणजे आईचा भाऊ. स्थळं जमवण्यात त्याचा हातखंडा, आणि खोटं बोलण्यात त्याच्याहून जरा जास्त. त्याने सोप्यात बसून सगळं नीट समजावलं. विक्रमला आई नाही, त्याला आत्याने वाढवलंय. बाप गरीब गाय, आत्या म्हणेल ती पूर्व. पोरगा तयार आहे, पण आत्याच्या मनात 'जोडा दिसाया पायजे' हे पक्कं बसलंय. तेव्हा रविवारी ती मंडळी येतील, तेव्हा एकच गोष्ट सांभाळायची.

"उंचीचा इषय निघता कामा न्हाई," मामा म्हणाला. "काय बी बोला. पाऊस बोला, बेदाण्याचा दर बोला. उंची न्हाई."

असं बजावून मामा उठला आणि दिवा वाजला.

मामा डोकं चोळत खाली बसला. सगळ्यांनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. मामा पाच फूट सहा इंच. सहा फूट दोन इंचाच्या माणसाच्या हा दिवा कुठे लागेल, याचा हिशेब ज्याने त्याने मनातल्या मनात केला. आणि हनुवटीवर दिवा आपटलेला पाहुणा उंची सोडून दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलेल, हे कुणालाच सुचेना.

मी सांगलीला कॉलेजात शिकतो, तिथंच राहतो; मामाचं हे सगळं मला मागून आईने सांगितलं. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच (ताईचं नर्सिंग घरात कुणी कॉलेजात धरत नाही). त्यामुळे घरात जे काही कुणाला येत नसेल ते मला येत असणार, असं सगळे धरून चालतात. मामाच्या डोक्याला टेंगूळ आलं त्याच संध्याकाळी मला अण्णांचा फोन आला.

"दिवं वर घ्यायचं हायत. ये."

"अण्णा, वायरमनला सांगा की."

"त्यो विहिरीवरच्या मोटारींच्या मागं हाय, रोज उद्या येतो म्हंतोय. तू सायन्सला हायस न्हवं?"

"माझा विषय वनस्पतिशास्त्र हाय, अण्णा."

अण्णा म्हणाले, "मुळातलं पाणी शेंड्याला कसं चढतंय ते शिकीवलंय का न्हाई?"

"शिकवलंय."

"मग हितं दिवंच चढवायचं हायत."

 (यावरचं उत्तर मला, नेहमीप्रमाणे, दुसऱ्या दिवशी सुचलं.) मी शनिवारची पहिली एसटी धरली.

घरी पोचलो तर सोप्यात अण्णा एक बांबू घेऊन उभे होते. बागेतला बांबू, सहा फूट दोन इंचांवर कापलेला, वर केसांसाठी म्हणून आणखी दोन बोटं ठेवलेली. आमच्या घरात कुणाचंच डोकं एवढ्या उंचीवर जात नसल्याने माप म्हणून तो आणला होता. अण्णा बांबू उभा धरून दारातून आत येत होते आणि कुठे कुठे अडतोय ते बघत होते. पहिल्या दिव्याला टण. दुसऱ्याला टण. तिसऱ्याला टण. स्वयंपाकघराच्या चौकटीला ठक.

"हितं त्याला बसवाया नगं," आई गंभीरपणे म्हणाली. "उठताना चौकट लागंल. तिकडं खिडकीपाशी बसवा."

अण्णांनी बांबूला खिडकीपाशी नेऊन बसवलं, म्हणजे तिरका टेकवला. आईने लांबून बघून ठीक दिसतंय असं सांगितलं. तेवढ्यात ताई ड्युटीवरून आली. तिने अण्णांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, बांबूकडे पाहिलं, आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "ह्येला पसंत हाय का इचारलंसा? ह्यो तरी व्हय म्हंतोय का बघा."

कुणी हसलं नाही. ती स्वतःही हसली नाही. आत जाताना मला एवढंच म्हणाली, "बाळू, एवढं एक नीट हू दे रं." ती दमलेली होती. मला वाटलं, ड्युटीने दमलेली. पण ते तेवढंच नव्हतं.

मी मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढलो आणि छताकडे नीट पाहिलं. मला एक साधा उपाय दिसला. साखळीची वरची कडी हुकातून काढायची आणि मधली कडी अडकवायची, की दिवा आपोआप वर. उरलेली साखळी बाजूने लोंबेल, तेवढंच. मी ते सांगितलं.

"लोंबती साखळी?" आई म्हणाली. "बघायला येणार त्या दिशी? जनावर सुटून गेल्यागत दिसंल."

"मग उरलेली कापू?"

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी स्टुलावरून आपोआप खाली आलो. आग्र्यापासून मांडीवर आणलेल्या साखळीची एक कडीसुद्धा कापायची नव्हती. माझं म्हणणं मी नेहमी एकदाच मांडतो, तेही हळू. ते मांडून झालं होतं.

मग अण्णांनी सूत्रं हातात घेतली. अण्णा फौजेतून आल्यापासून द्राक्षबागेत आहेत. बागेचा मांडव म्हणजे काय, तर खांब आणि ताणलेली तार. वेल खाली आला, तार ताण. मांडव झुकला, तार ताण. अण्णांच्या मते जगात खाली आलेली प्रत्येक गोष्ट तार ताणून वर नेता येते. त्यांनी बागेतून तारेचं भेंडोळं आणलं आणि तार ताणायचं ते लोखंडी यंत्रही आणलं. त्याचा दांडा फिरवला की कट्कट् करत तार आवळत जाते.

रचना अशी. प्रत्येक दिव्याच्या गळ्याला एक तार बांधली, ती वर तुळईतल्या कडीतून ओवली, आणि तिन्ही तारा भिंतीकडे आणून एका जाड तारेला जोडल्या. जाड तार त्या यंत्रात, आणि यंत्र स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या जुन्या लाकडी खुंटीला. भिंत मातीची, खुंटी आजोबांच्या हातची. दांडा फिरवला की तिन्ही दिवे एकदम वर!

मला मनात कुठेतरी वाटत होतं, की तीन दिव्यांचं वजन एका खुंटीवर टाकणं बरं नव्हे. मी तसं म्हणणार होतो. पण तोवर अण्णांनी कट्कट् सुरू केलं होतं, आणि खरं सांगतो, ते दृश्य सुंदर होतं. तीन दुधी भोपळे ओळीने, एका चालीत, कवायत केल्यासारखे वर गेले. ढिल्या पडलेल्या साखळ्या मी तुळयांच्या मागे दडवल्या. अण्णांनी बांबू दारातून चालवत आणला. कुठेही टण झालं नाही. बांबू थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला. आईने डोळ्यांना पदर लावला.

मेन स्विच चालू केल्यावर दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे सगळा उजेड तुळयांमध्ये गेला होता. तिथली आजवरची जळमटं आता दवाखान्यातल्या एक्स-रेसारखी स्वच्छ दिसत होती, आणि खाली संध्याकाळ झाली होती. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. दिवे खाली होते तेव्हा आम्ही निदान दिव्यांएवढे तरी होतो. आता ते वर गेले आणि त्यांच्याखाली आम्ही सगळे फारच खुजे दिसायला लागलो. आईलाही ते दिसलं असावं. तिने माझ्याकडे बघून "ताठ हुबा ऱ्हा," असं सांगितलं. मी ताठच उभा होतो.

रविवारी सकाळी पाहुणे आले. विक्रम, त्याचे वडील, आणि मध्ये आत्या. आत्या उंच, काटक, नऊवारीतली, आणि नजर अशी की समोरच्याने उगाचच शर्टाची बटणं तपासावीत. विक्रम दारातून आत आला तो वाकूनच. जन्मभर चौकटींशी व्यवहार केलेला माणूस तो! दिवे खाली असते तरी त्याने ते आधी पाहून चुकवले असते, हे मला तेव्हा कळलं. पण आता दिवे वर होते, टण झालं नव्हतं, आणि मामाने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

अण्णांनी या, बसा म्हणत त्यांना खिडकीपाशी नेलं. नेताना अण्णांनी तीन ठिकाणी मान लववली.

मी ते पाहिलं आणि वर पाहिलं. वर काही नव्हतं. मोकळी हवा होती, आणि अण्णा तिच्याखाली वाकत होते. मागून आई पाण्याचे तांबे-भांडी घेऊन आली. पहिल्या ठिकाणी वाकली, दुसऱ्या ठिकाणी वाकली, तिसऱ्या ठिकाणी वाकली. मामा पुढे आला, तो तर टेंगूळ ताजं असल्याने सगळ्यांत खाली वाकला. मी हे थांबवायला म्हणून घाईने आईकडे निघालो, आणि मधल्या जागी माझी मान आपोआप खाली गेली. मान माझी, पण ती माझं ऐकेना.

आत्या आमच्याकडे बघत होती. मग त्या तीन रिकाम्या जागांकडे बघत होती.

"पावणं," ती हळू आवाजात अण्णांना म्हणाली, "हितं काय देवाचं हाय व्हय?"

अण्णांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर दिव्यांचं सांगावं लागणार, दिव्यांचं सांगितलं की ते का खाली होते हे सांगावं लागणार, आणि मग विषय नेमका जिथे जायचा तिथे जाणार.  तिथं मामा धावून आला.

"व्हय व्हय," मामा म्हणाला. "जुनं थान हाय. फरशीच्या खाली गेलंय."

"कुणाचं?"

"म्हसोबाचं," मामा म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाला, "तिघं भाऊ हायती."

तिघं भाऊ असलेला म्हसोबा मी तरी कधी ऐकला नाही. पण आत्या भाविक निघाली. तिने लगेच पदर डोक्यावर घेतला. "आवं मग आदी न्हाई का सांगायचं? आमी तसंच तुडवत आलो की," असं म्हणून ती उठली. हळदकुंकू मागितलं. आई पांढरीफटक पडली, पण करंडा घेऊन आली (तीनदा वाकून). आत्याने टाइल्सवर तीन ठिकाणी हळदकुंकू वाहिलं. मग भावाला आणि विक्रमला पाया पडायला सांगितलं. विक्रम, सहा फूट दोन इंच, बागेतल्या मांडवाचा खांब कलावा तसा टप्प्याटप्प्याने खाली गेला आणि आमच्या टाइल्सवर डोकं टेकवून वर आला. वर येताना त्याची आणि माझी नजरानजर झाली. त्याला शंका आली होती, असं मला अजून वाटतं.

एवढ्यावर निभावलं असतं. म्हसोबाचा विषय हा काही उंचीचा विषय नव्हे. मामाच्या चेहऱ्यावर तर आता कलाकाराचं समाधान होतं. आई पोहे मांडत होती, आत्या स्वतः पाया पडायला मधल्या जागी ओणवली होती. पण अण्णा वर बघत होते.

मधला दिवा किंचित खाली आला होता. बोटभर. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. पण अण्णांची सगळी हयात तारेखाली गेली आहे. सैल तार दिसली की त्यांना चैन पडत नाही. लग्नाच्या मांडवात जेवायला बसलेले असतानासुद्धा ते उठून दोऱ्या आवळून आलेले आहेत. मी मानेने नको नको म्हणत होतो. अण्णा बसल्या जागेवरून उठले, सहज उठल्यासारखे खुंटीपाशी गेले आणि दांडा धरला.

कट्. मधला दिवा बोटभर वर गेला.

तिथं थांबावं की नाही? कट्.

खुंटी भिंतीतून निघाली. एकटी नाही, तांब्याएवढं मातीचं ढेकूळ घेऊन निघाली. यंत्र खाली आदळलं, तार सुसाटली, आणि तिन्ही दिवे ओळीने, एका चालीत, कवायत केल्यासारखे खाली आले. मागे दडवलेल्या साखळ्याही आल्या, आणि त्यांच्यासोबत तुळयांवरची सगळी धूळ पाहुण्यांवर, पोह्यांवर आणि तिन्ही म्हसोबांवर पसरली. अण्णांच्या साखळ्या मात्र पक्क्या. एकही काच फुटली नाही. मधला दिवा हळदकुंकवावर ओणवलेल्या आत्याच्या डोक्यावर वीतभर अंतरावर येऊन थांबला आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलत राहिला.

आत्या तशीच ओणवी राहिली. "कोपलं," ती म्हणाली.

 आत्या हळूहळू वर बघत होती, दिव्याकडे, मग साखळीकडे, मग अण्णांच्या पायाशी पडलेल्या यंत्राकडे. "काय चुकलं आमचं?" तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात खरी भीती होती. म्हातारं माणूस, अंगावर धूळ पडलेली, हात जोडलेले. मला ते बघवेना. मी कसा बोललो ते मला सांगता येणार नाही, कारण मी सहसा बोलत नाही.

"देव न्हाई, आत्या. दिवे हुते. जमीन वर आली म्हणून दिवे डोक्याला लागायचे, म्हणून सगळी वाकत्यात. तुमी येणार म्हणून काल वर बांधले. विक्रमदादांना लागू नयेत म्हणून. आणि..." मामा माझ्याकडे बघून डोकं हलवत होता, पण आता थांबता येत नव्हतं. "आणि उंचीचा विषय निघू नये म्हणून."

निघाला. मीच काढला. हलणाऱ्या साखळीची किरकिर चालूच होती. आत्या उठून बसली. तिने पदराने तोंड पुसलं. अण्णांकडे पाहिलं, मामाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग ती विक्रमच्या वडलांकडे वळली आणि तिचा उजवा हात वर आला. पालथा. माझ्या मनात आलं, संपलं. ताईला मी काय तोंड दाखवू?

आणि तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली.

तिने सगळं ऐकलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिला आता कशाचीच घाई नव्हती. खुंटीच्या जागचं भगदाड बघितलं, ढेकूळ ओलांडलं, आणि ती सरळ चालत आली. तिसऱ्या दिव्याखालून, हलणाऱ्या मधल्या दिव्याखालून, पहिल्या दिव्याखालून. दिवे आता पुन्हा जुन्या जागी होते. ती एकदाही वाकली नाही. तिला वाकायची गरजच नव्हती. तिच्या भांगावर अजून चार बोटं जागा उरत होती. इतकी वर्षं त्या घरात राहून माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं, की आम्ही सगळे मान लववत फिरतो आणि ही एकटी कधीच लववत नाही.

तिने आत्यापुढे ट्रे धरला. "धूळ झाडून घ्या आदी," ती म्हणाली. "चहा नवा हाय, झाकून ठिवला हुता. माझी उंची चार फूट धा इंच. आणखी काय इचारायचं असंल तर इचारा, मला दोन वाजता ड्युटी हाय."

आत्याचा हात अजून तसाच हवेत होता. तो तिने खाली आणला आणि कप उचलला. एक घोट घेतला. मग म्हणाली, "समदं घर वाकतंय. नसल्या देवाला वाकतंय, नसल्या दिव्याला वाकतंय. सरळ चालणारी हीच एक दिसली." आणि विक्रमकडे बघून, "तुमचा जोडा दिसंल का न्हाई म्हाईत न्हाई रं. पर ही तुझ्यापुढं वाकायची न्हाई, एवढं ध्यानात ठीव."

विक्रमने ताईकडे पाहिलं. तो पहिल्यांदाच बोलला. "नाइट करून आल्यावर झोपायला मिळंल. मी सांगितलंय घरात." ताई हसली. धुळीने भरलेल्या सोप्यात, पोह्यांची माती झालेली असताना ती हसली, आणि आई रडायला लागली. मामाने लगेच सुपारी शोधायला सुरुवात केली, आणि अण्णांनी तार गुंडाळायला.

मला इतकं हलकं वाटलं, की मी पहिल्या दिव्याखालीच धुळीने भरलेल्या पोह्यांच्या बशा गोळा करायला खाली बसलो. तेव्हा आत्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"आणि ह्यो कोण? खरं बोलणारा?"

अण्णांची छाती फुगली. सकाळपासून त्यांना अभिमानाची एकच गोष्ट सांगायची होती आणि ती अजून सांगायची राहिली होती. "ह्यो आमचा बाळू. सांगलीला कॉलेजात हाय. आमच्या सात पिढ्यांत कॉलेज शिकलेला पयलाच."

मोठ्यांनी नाव घेतलं की उठून नमस्कार करावा, एवढं वळण मला आहे. मी हात जोडले, ताठ झालो, आणि दिवा वाजला. त्या दिवसातला तो एकुलता एक टण.

आत्याने डोकं चोळणाऱ्या माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि मोठ्या मायेने अण्णांना म्हणाली, "शिकू द्या त्याला. लय शिकायचं ऱ्हायलंय अजून."